येऊ नको म्हणायचा दिवस

"येऊ का शिवारात?" खालून वाघानं विचारलं.

"नाय. येऊ नको," आम्ही सगळे वरून ओरडलो.

कड्याच्या तोंडाशी अख्खी वाडी उभी होती. ढोल चालला होता. सगळ्यांच्या पुढं माझ्या सासूबाई, पदर कमरेला खोचून. त्यांचा आवाज असा की पलीकडच्या डोंगरावरचं मोहोळ उठावं. घटकाभरानं खाली हिरव्यागार पाणथळीत पिवळा-काळा वाघ पोटावर पडला होता, आणि तो वाघ म्हणजे आमचे हे. माझे मालक. त्यांच्या अंगाखालचा चिखल त्यांना गिळायला लागला होता. ते जिवाच्या आकांतानं हाका मारत होते, आणि आम्ही हसत हसत त्यांना हाकलत होतो.

थांबा, जरा मागून सांगते.

तुम्ही आता आमच्याकडं फिरायला येता. खालच्या रानातनं चढता, वर काळ्या कातळाचा सडा लागतो तो ओलांडता, पलीकडं उतरून पाणथळीतले पक्षी बघता आणि दमून माझ्या ओट्यावर जेवायला बसता. मग मी तुम्हाला खेकड्याची गोष्ट सांगते. आमच्या तळ्यात असा खेकडा होता की माझे सासरे त्याच्या पाठीवर भात वाळत घालायचे. तुम्ही ते लिहून पण घेता. खोटं आहे ते. भात मावेल एवढा नव्हता, फार तर मिरच्या. पण ही वाघाची गोष्ट मी जेवणाऱ्यांना सांगत नाही. घास अडकतो.

माझं लग्न होऊन पहिलीच दिवाळी यायची होती. जंगलखात्यानं आमचं रान, सडा आणि पाणथळ असं सगळं एक करून राखीव केलेलं, आणि पायी फिरणाऱ्यांसाठी वाट पाडलेली. वाटेच्या दोन्ही अंगांना चुना लावलेले पांढरे दगड. खाली पाणथळीशी लाकडी फळ्यांचा ढीग आणून टाकलेला, ओल्यातनं चालायला त्या अंथरणार होते. नाशकाकडची माणसं नुकती यायला लागली होती. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर टोपी. आमच्या सासूबाई म्हणायच्या, "घरी काम नसलं की माणूस गवत बघायला निघतो."

दिवाळीच्या तोंडावर बारशीला आमच्यात वाघबारस असते. वाघाला खिरीचा निवद दाखवतात आणि वाडीतला एक गडी वाघ होतो. अंगाला हळद, तिच्यावर काजळीचे पट्टे, मागं दोराची शेपटी. पोरंबाळं त्याला सड्यावरनं हाकलत नेतात. तो खाली उतरतो आणि तिथनं विचारतो, येऊ का शिवारात? वाडी वरनं म्हणते, नाय, येऊ नको. तीनदा त्यानं विचारायचं, तीनदा आपण नको म्हणायचं. मग तो पल्याडच्या चांगल्या पाण्यात बुडी मारतो, रंग धुतो आणि माणूस होऊन घरी येतो. वर्षभर गोठ्याला भीती नाही.

एक कडक गोष्ट असायची. अंगाला रंग लागला की तो माणूस संपला. रंग उतरेपर्यंत त्याला नाव नाही, आई नाही, बायको नाही. नावानं हाक मारली तर वाघाला गोठ्याचा पत्ता कळतो. तीन वर्षांमागं कुणा पाहुणीनं चुकून "अरे महादू" म्हणून हाक मारली होती, तर त्या थंडीत महादूच्या गोठ्यातनं बिबट्यानं गोऱ्हा नेला. महादू तेव्हापासनं वाघ व्हायचा नाही, नुसता ढोल वाजवायचा.

त्या वर्षी वाघाची पाळी ह्यांची होती. रंगवायचं काम माझं.

"मिशी रंगवू नको," हे म्हणाले.

"वाघाला मिशी असतीच."

"माझी हाय तेवढी पुरे."

"ती मांजराची हाय," मी म्हणाले आणि काजळीचं बोट ओढलंच.

चुलीपासनं सासूबाई बोलल्या, "नवऱ्याच्या तोंडाला काळं फासायची एवढी हौस बरी नाय. लोकं दहा वर्षं थांबतात."

हे हसले आणि माझा गाल त्यांच्या गालाला लागून पिवळा झाला. सासूबाईंनी ते बघितलं. शेवटचा पट्टा ओढल्यावर मात्र त्या बाहेर आल्या, लेकाकडं एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "झालं. आता हा आपला नाय." आणि लगेच फाटक्या सुपानं त्यांना दारातनं हाकलायला लागल्या. त्यांच्याएवढा कडक नियम वाडीत कुणी पाळत नसे.

आम्ही बायका कड्यावर जाऊन बसलो, तेवढ्यात फिरायला आलेल्यांचा एक घोळका वर आला. त्यात एक जोडपं होतं. खासनीस साहेब म्हणून, काडीसारखे उंच, डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात फोटोचं यंत्र. आणि त्यांच्या मिसेस, कुमुदबाई. गोल चेहरा, कापडी बूट, आणि एवढ्यातेवढ्याला हसणारी बाई. मला ती बघताक्षणी आवडली. अशा माणसांना थाप मारायला बरं पडतं.

"हे काय चाललंय हो?" त्यांनी मला विचारलं.

"वाघ हाकलायचाय."

"खरा वाघ?"

"खराच. काल रात्री आमच्यातच जेवला. चार भाकरी लागतात त्याला."

त्या आधी दचकल्या, मग कळल्यावर पोट धरून हसल्या. "अहो, ऐकलंत का," साहेबांना म्हणाल्या, "यांच्याकडं वाघ जेवायला असतो. आपण थांबू या ना बघायला."

"तू बघ," साहेब म्हणाले. "खाली ते माशा खाणारं झाड आहे ना, तांबडं, दवाचे थेंब असल्यासारखं, त्याचा एक फोटो काढतो आणि आलोच."

"पांढरे दगड सोडू नका हं."

"मी काय लहान आहे?"

ते लांब टांगा टाकत उतरून गेले. कुमुदबाई माझ्याशेजारी कातळावर फतकल मारून बसल्या. मी त्यांना सगळं शिकवलं. वाघानं काय विचारायचं, आपण काय म्हणायचं.

"मी पण ओरडू? चालतं का बाहेरच्यांनी?"

"ओरडा की. पण मोठ्यानं. हळू नको म्हटलं की वाघाला वाटतं लाजून हो म्हणतायत."

मग वाघ आला. पोरं मागं, वाघ पुढं. वाडीतल्या म्हाताऱ्या भिवा तात्यांच्या ताटातली पापडी पळवली, एका पोरीची वेणी ओढली, कुमुदबाईंपुढं येऊन गुरगुरला तशा त्या किंचाळून माझ्या मांडीवरच पडल्या. मग तो सडा ओलांडून उतरणीला लागला आणि झाडोऱ्यात गेला. थोड्या वेळानं खाली पाणथळीच्या कडेला पिवळं दिसलं.

"येऊ का शिवारात?"

"नाय. येऊ नको."

ढोल. हसणं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मी मान वळवून बघितलं, तर कुमुदबाई उभ्या राहून दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडत होत्या, "नको, येऊ नको." शहरातली मराठी अशी वेगळी ऐकू येत होती. आमच्या बायका त्याला हसल्या, तशा त्या आणखी जोरात ओरडल्या.

तीन झाले. आता वाघानं वळून चांगल्या पाण्याकडं जायचं. तो गेला नाही. उलट आडवा, हिरव्या गवताकडं निघाला, पळतच. त्या गवताला आम्ही डुलकं म्हणतो. वरनं दिसायला गालिचा, पाय दिला की सगळं डुलतं, आणि खाली नुसता काळा चिखल. ढोरं तिकडं फिरकत नाहीत.

मग पुन्हा हाक आली. शब्द कळत नव्हते, ढोल मोठा होता. पण वाघाची हाक आली की काय म्हणायचं ते वाडीला ठाऊकच होतं.

"नाय. येऊ नको."

"आज वाघ हट्टाला पेटलाय," भिवा तात्या म्हणाले. "पोरगं रंगात आलं."

पुन्हा हाक. पुन्हा नको. आता वाघ डुलक्यात पोटावर आडवा झाला.

"दबा धरला बघा," कुणीतरी म्हणालं.

"आरं, शिकार पण धरली."

खरंच, वाघाच्या पुढ्यात काहीतरी काळं होतं. त्यानं ते छातीशी घट्ट धरलं होतं. कुणी म्हणालं रेडकू असेल, कुणी म्हणालं कुणाचं तरी घोंगडं पळवलंय. मग वाघानं एका हातानं आपली शेपटी सोडली आणि त्या काळ्याला गुंडाळायला लागला. असा खेळ कुणी कधी बघितला नव्हता. महादू घामाघूम होऊन ढोल बडवत होता. कुमुदबाईंचा आवाज बसला होता, तरी टाळ्या वाजवत होत्या. "काय मस्त करतात हो तुमचे मिस्टर," मला म्हणाल्या.

आणि मीही हसले. हसता हसता माझी नजर वाघाच्या पायांवर गेली.

माझं माहेर खालच्या खोऱ्यातलं. तिथं अशी ओली जागा दोन शेतांआड सापडते. म्हैस रुतली की माझे वडील अंगातली बंडी काढून पोटावर पडायचे आणि हातपाय पसरायचे. उभा राहिलेला माणूस आत जातो, पसरलेला तरंगतो. वाघ दबा धरतो तेव्हा पाय पोटाखाली घेतो. मांजर बघितली असेल तुम्ही. ह्यांचे पाय बेडकासारखे दोन बाजूंना पसरलेले होते.

मी सासूबाईंचा हात धरला.

"आत्याबाई, ते रुतलेत."

"वाघ रुततो का कुठं?"

"वाघ नाय, आपले..."

"आपले कोण? आज तो कुणाचा नाय. गप ऱ्हा."

"पायाकडं बघा तरी त्यांच्या."

सासूबाई बायकांकडं वळून म्हणाल्या, "लग्नाला वरीस नाय झालं, आमची सून कड्यावरनं नवऱ्याचे पाय वळखायला लागली." बायका खिदळल्या. खालनं हाक आली, बारीक झालेली. आणि सासूबाईंनी खणखणीत आवाजात उत्तर दिलं, "नाय. येऊ नको."

मी महादूकडं गेले, म्हटलं ढोल थांबव. त्याला वाटलं मी नाचायला सांगतेय, तो आणखी जोरात वाजवायला लागला. एकटी पळत खाली गेले असते तर मीच रुतले असते. माणसं लागत होती, दोर लागत होता, आणि सगळी माणसं इथं उभी राहून नको म्हणत होती. त्यांना थांबवायची एकच वाट होती. वाघाला नावानं हाक मारायची.

आता तुम्हाला सोपं वाटेल. तुम्ही नवऱ्याला अरे-तुरे करता. माझ्या तोंडानं ते नाव लग्नात एकदाच घेतलेलं, तेही उखाण्यात, अडून बसलेल्या नणंदांपुढं. मी तोंड उघडलं आणि नुसतं नाव निघेना. जीभच वळेना. नाव बाहेर यायला तिला वाट एकच ठाऊक होती. मी कड्याच्या टोकाला गेले आणि होता नव्हता तेवढा जीव काढून ओरडले,

"करवंदीच्या जाळीत काटा लागतो हाताला,
वाघ नाय तो, देवराम माझा, चाललाय तळाला."

पहिली ओळ ऐकून बायका हसल्या. दुसरीला महादूचा हात ढोलावरच राहिला. आणि माझ्या कानाखाली सणसणीत बसली. सासूबाईंचा हात. माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकले.

"रांडे, गोठा दाखवलास त्याला," त्या म्हणाल्या.

पण ढोल थांबला होता. सगळी वाडी गप्प होती. आणि त्या शांततेत खालून ह्यांचा आवाज आला, घोगरा, पण शब्द न् शब्द स्पष्ट.

"दोर आणा. माणूस हाय."

सासूबाईंचा पुन्हा उगारलेला हात हवेतच राहिला.

मग कोण कुठनं उतरलं ते मला सांगता यायचं नाही. वाटेनं कुणी गेलंच नाही. महादूनं पळता पळता ढोलाचा दोर सोडवला. खात्यानं टाकलेल्या फळ्या गड्यांनी डुलक्यावर फेकल्या आणि एकामागं एक त्यांच्यावर पालथे पडले. ह्यांचे खांदे तेवढे वर होते. ह्यांच्या हातांत एक चिखलाचा गोळा होता आणि त्या गोळ्याला डोळे होते. उघडे. ह्यांनी आपली शेपटी त्या माणसाच्या काखेतनं घालून स्वतःच्या मनगटाला बांधली होती. गेला असता तर दोघं मिळून गेले असते.

शेपटीला ढोलाचा दोर जोडला आणि गड्यांनी ओढायला घेतलं. चिखल सोडत नव्हता. गाय वासरू चाटताना येतो तसा आवाज येत होता.

कुमुदबाई माझ्याशेजारी उभ्या होत्या, त्यांचे बूट पाण्यात. "अगं बाई," त्या म्हणत होत्या, "कोण आहे ते बिचारं? गुराखी आहे का कुणी? अहो, सावकाश, त्यांची मान धरा." आणि आमचे साहेब कुठं गेले म्हणून मागं वळून वाटेकडं बघत होत्या.

तेवढ्यात त्या गोळ्याला बाहेर काढताना गळ्यातला पट्टा वर आला आणि त्याला लोंबकळत फोटोचं यंत्र. त्यातनं काळं पाणी गळत होतं.

टाळ्या वाजवताना हात असतात ना समोरासमोर, तसे कुमुदबाईंचे हात होते. ते तसेच राहिले.

साहेबांना आमच्या घरी आणलं, चुलीपाशी बसवलं, दोन घोंगड्यांत गुंडाळलं. चहा दिला तो त्यांच्या दातांवर वाजत होता. एका बाजूला कुमुदबाई. दारात वाडीतली माणसं, कुणी कुणाकडं बघत नव्हतं. हे तसेच रंगलेले, खांबाला टेकून बसले होते. खालचा निम्मा वाघ चिखलात गेला होता, वरचा निम्मा राहिला होता.

साहेबांनी मान वर केली आणि सासूबाईंकडं बघितलं.

"मी तुमचं काय वाईट केलं होतं?" त्यांनी विचारलं.

रागानं नाही. खरंच विचारत होते. शाळेत पोरगं विचारतं तसं.

सासूबाईंना कळेना. "काय म्हणतो हा?" त्या मला म्हणाल्या.

"मला तुम्ही सगळे दिसत होतात," साहेब म्हणाले. "वर रांगेनं उभे होतात. मी कमरेपर्यंत गेलो तेव्हा ओरडलो, वाचवा. तुम्ही म्हणालात, नाही. मला वाटलं ऐकू आलं नसेल. पुन्हा ओरडलो. तुम्ही म्हणालात, येऊ नको. सगळे मिळून म्हणालात. आणि ढोल वाजवलात. मी जितका ओरडायचो, तितके तुम्ही हसायचात."

चुलीतलं लाकूड तडकलं. आम्ही वरनं काय बघत होतो ते आम्हाला ठाऊक होतं. खालनं आम्ही कसे दिसत होतो, हे त्या घटकेपर्यंत एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"साहेब, ती रीत हाय," हे म्हणाले. "मी सांगितलं की तुम्हाला तिथंच."

"हो. तुम्ही कानात सांगत होतात. तुम्ही नसतात तर..." ते थांबले. "रीत आहे, कळलं मला. यांचं कळलं." आणि मग त्यांनी हळूहळू मान फिरवली. "पण कुमुद, तुझा आवाज मला हजारांत ओळखू येतो."

कुमुदबाईंनी त्यांच्या खांद्यावरची घोंगडी सावरायला हात पुढं केला.

"तू नको म्हणत होतीस."

ती बाई आता काय सांगणार होती? खेळ होता म्हणून सांगितलं असतं, तर खरंच होतं ते. पण त्या माणसाच्या डोळ्यांकडं बघून मला कळलं, खरं सांगून इथं काही भागणार नाही. तो मान हलवील, समजलं म्हणेल, आणि घरी जाऊन जन्मभर त्या बाईच्या आवाजाला दचकेल. तिनं नको म्हटलं, भाजी नको, चहा नको, की ह्याला चिखल आठवेल. आणि ओरडायला तिला मीच शिकवलं होतं. मोठ्यानं ओरडा म्हणून.

"साहेब, तुम्हाला निम्मंच ऐकू आलं," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मलाही पुढचं ठाऊक नव्हतं. तोंड आपोआप चाललं.

"तुम्हाला वळखलं कुणी? आम्हाला तर रेडकू वाटलं होतं. ह्या बाईंनी वळखलं. तुमची पांढरी टोपी दिसली त्यांना आणि नको, नको, म्हणून छाती बडवायला लागल्या. ते नको तुम्हाला नव्हतं, त्या चिखलाला होतं. सरळ कड्यावरनं उडी टाकायला निघाल्या होत्या. मी नुसतं ओरडले. ओरडायला त्यांनीच लावलं."

साहेब माझ्याकडं बघत होते. माझ्या गालावर पाच बोटं उमटलेली. विश्वास आणि अविश्वास दोन्ही त्यांच्या तोंडावर. थाप अर्ध्यात लटकली होती. कुणीतरी एक धक्का द्यायला हवा होता, नाहीतर ती तिथंच पडली असती.

"मग उडी का नाही टाकली?" साहेबांनी हळूच विचारलं.

"आत्याबाईंनी धरून ठेवलं ना," मी म्हणाले.

आता सगळं घर सासूबाईंकडं बघायला लागलं. माझ्या सासूबाई कधी खोटं बोलायच्या नाहीत. बाजारात दूध विकताना, पाणी घातलंय का विचारलं तर, हो, थोडं घातलंय म्हणायच्या. मी मान खाली घातली. म्हटलं, झालं, संपलं.

सासूबाईंनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाल्या, "धरलं कसलं, फरपटत नेलं तिनं मला. अंगात रेड्याचं बळ हाय बाईच्या."

आणि त्यांनी बांगड्या मागं सारून उजवा हात पुढं केला. मनगटावर तव्याचा जुना डाग होता, काळपट, चंद्रकोरीसारखा.

"चावली मला," सासूबाई म्हणाल्या. "हे बघा. सोड म्हणून चावली."

साहेब पुढं वाकून तो डाग बघत राहिले. मग बायकोकडं बघितलं.

"चावलीस?"

कुमुदबाईंनी मान डोलावली. आणि मग त्यांना असं रडू फुटलं की दारातल्या माणसांनी तोंडं फिरवली. साहेबांनी घोंगडीतनं हात बाहेर काढला. नखांत अजून काळं होतं. तो हात त्यांनी बायकोच्या मांडीवर ठेवला. चहा दुसऱ्यांदा दिला तो दातांवर वाजला नाही.

त्यांना न्यायला खालच्या रस्त्याला गाडी आली तेव्हा मी वाटेपर्यंत गेले. कुमुदबाई मागं थांबल्या. माझा दंड धरला, अगदी घट्ट.

"मी चावले नाही," त्या हळूच म्हणाल्या. त्यांच्या तोंडाला रंग नव्हता.

"आता चावलात," मी म्हणाले. "घरी गेल्यावर इसरू नका."

घरी आले तर दिवस कलला होता. हे अंगणातल्या दगडावर बसले होते. मी हंडाभर पाणी तापवलं आणि तांब्यानं अंगावर ओतायला घेतलं. चिखल वाळून कातडीला बसला होता. त्या माणसाला धरून धरून त्यांची बोटं आखडली होती.

"साहेबाला बरी गोष्ट सांगितलीस," हे म्हणाले.

"आत्याबाईंनी सांगितली खरी. मी नुसती सुरुवात केली."

"हं."

मी पाठ घासत होते. काजळी लवकर निघत नाही, तेल लागतं तिला. मग हे समोर बघतच म्हणाले,

"मला तर रीत ठाऊक होती."

"मग?"

"लहानपणापासनं बघतोय. मीच नको म्हणत आलोय दरसाली. साहेबाला कानात मीच सांगत होतो, घाबरू नका, खेळ हाय, आत्ता येतील." त्यांनी ओंजळीतलं पाणी तोंडावर मारलं. "पण हात सुटायला लागले ना माझे, आणि मी ओरडलो, आणि वरनं आईचा आवाज आला. येऊ नको म्हणून. तो सगळ्यांच्या वर होता. मला ठाऊक होतं गं. तरी वाटलं, खरंच नको झालोय."

मी तांब्या पुन्हा हंड्यात बुडवला. साहेबांना सांगायला मला क्षण लागला नव्हता. ह्यांना काय सांगू? ह्यांना सगळं ठाऊक होतं. ठाऊक असलेल्या माणसाला सांगायला माझ्याकडं गोष्ट नव्हती.

मागं काहीतरी वाजलं. वळून बघितलं तर सासूबाई दारात उभ्या होत्या, हातात तेलाची वाटी. कधीपासनं उभ्या होत्या देव जाणे.

त्या आल्या. माझ्या हातातला तांब्या घेतला आणि मला बाजूला केलं. वाटीतलं तेल लेकाच्या पाठीवर ओतलं आणि घासायला लागल्या. मोठा मिशीवाला गडी, पण त्यांनी त्याची हनुवटी पोरासारखी धरून वर केली.

"देवराम, मान वर कर," त्या म्हणाल्या.

अर्धा वाघ अजून अंगावर होता.

"आये," हे दबक्या आवाजात म्हणाले, "रंग उतरला नाय अजून."

"देवराम, हात पुढं कर," सासूबाई म्हणाल्या. "देवराम, दुसरा."